माशांच्या टाकीतला स्पंज

मुलांनी यंदा ईदीचे पैसे जमवून मासे आणले. कोकणातल्या आमच्या घरात मासा म्हणजे दुपारच्या ताटातला. इकडे तव्यावर बांगडा आणि तिकडे काचेच्या टाकीत गप्पी, हे सासूबाईंना अजून विचित्रच वाटते. पाळायला हरकत नाही, हे मात्र त्यांनीच सांगितले. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा, अबू उमैरचा, एक छोटा पक्षी होता आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्याला त्या पक्ष्याबद्दल मायेने विचारत, ही हकीकत मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकली. लगोलग दुसरीही ऐकली: मांजर कोंडून ठेवून तिला उपाशी मारणाऱ्या बाईची.

मांजर निदान ओरडते. मासा ओरडतही नाही. आपण टाकीत जे घालू, त्याच पाण्यात त्याला श्वास घ्यायचा असतो. म्हणून मला रंगीत खडे आणि दिव्यांपेक्षा फिल्टरच्या स्पंजची काळजी जास्त.

थोरल्याचे म्हणणे, भांडी घासायचा कोरा स्पंज कापून बसवू. "अम्मी, स्पंज तो स्पंज!" मी नाही म्हटले. स्वयंपाकघरातल्या काही स्पंजांना जंतुनाशक लावलेले असते, काहींत साबण मुरवलेला असतो. फिल्टरला तर जंतूच हवे असतात! माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. स्पंजच्या छिद्रांत वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने कमी घातक असे नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे थोडेच ठेवावेत.

लाकडाच्या लगद्यापासून केलेला, वाळल्यावर कडक होणारा स्पंज पाण्यात राहून कुजतो. जुन्या गादीचा किंवा सोफ्याचा फोमही नको, कारण त्यावर आग रोखणारी रसायने असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. पॅकिंगच्या फोममधून बहुधा पाणीच जात नाही. तोंड लावून फुंकर मारली की कळते: हवा आरपार गेली नाही तर तो बिनकामाचा.

मग घ्यायचे काय? मत्स्यालयाच्या दुकानात फिल्टरसाठीच विकला जाणारा, उघड्या छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम. बारीक गाळणीसाठी पांढरा पॉलिएस्टर कापूस चालतो, पण तोही माशांच्या टाकीसाठीचाच घ्यावा. दुकानातून आणलेला स्पंज मी साध्या पाण्यात पिळून रात्रभर बादलीत ठेवते. रंग सुटला, फेस आला किंवा वास आला तर तो टाकीत जात नाही. अर्थात, काहीच सुटले नाही म्हणजे स्पंज निर्धोक ठरला असे नाही. कशासाठी बनवला आहे, हेच आधी विचारावे.

चांगला स्पंजही धुताना वाया जातो. माझ्या एका भाच्याने तो नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत चोळला. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना टाकीचेच थोडे पाणी बादलीत काढावे, त्यात स्पंज दोन-चारदा हलका दाबावा, बस्स. तपकिरी राहिला तर राहू दे. आम्हा बायकांना ते बघवत नाही, ही गोष्ट वेगळी. बादलीतले गढूळ पाणी मी कढीपत्त्याला घालते.

नणंदेच्या मुलांनाही आता टाकी हवी आहे. त्यांच्यासाठी घेतलेला नवा स्पंज गेल्या जुम्म्यापासून आमच्याच टाकीत, जुन्याच्या शेजारी चालू आहे. महिनाभराने तो मुरलेला, ओलाच, टाकीच्या पाण्यात बुडवून त्यांच्याकडे पाठवेन, इन्शाअल्लाह.