मार्गळीच्या पहाटे सायकलवर

हिवाळा म्हटला की आपणां वाचकांच्या डोळ्यांपुढे शेकोटी, घोंगडी आणि हुरडा उभा राहत असेल. आम्हां चेन्नईकर मराठी मंडळींच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. जानेवारीच्या पहाटे येथे पारा २०-२१ अंशांवर उतरला, की शेजारीपाजारी कानटोप्या घालून बाहेर पडतात. युरोपातील सायकलस्वाराला हिवाळ्यात बर्फाशी झगडावे लागते. आमचे वैर उन्हाशी. म्हणून वर्षाची बेगमी आम्ही याच दिवसांत करतो.

पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी रक्तातील साखरेविषयी मला सावध केले आणि सायकल पुन्हा हाती आली. सोळा वर्षांच्या कन्येनेही बरोबर येण्याचा हट्ट धरला. गृहिणीची अट एकच होती : "कोठेही जा, पण लॉऱ्यांच्या रस्त्याने नको." या एका अटीवर आमच्या साऱ्या बेताची उभारणी झाली आहे.

बेत आहे जिंजीचा. शिवाजी महाराजांनी १६७७ साली घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांना आश्रय देणारा हा दुर्ग २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आला. त्या यादीतील बारा मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा तेवढा हा एकच. येथून तो सुमारे १५० किलोमीटर. तिंडिवनमचा महामार्ग सोडून चेंगलपट्टू, उत्तिरमेरूर, वंदवासी अशा आडवाटेने, दोन दिवसांत, फेब्रुवारीच्या अखेरीस तेथे पोहोचावयाचे.

आठवड्यात दोन लहान फेऱ्या आणि रविवारी एक लांबची, असा नेम आहे. चक्रीवादळांचा हंगाम ओसरत आला, की डिसेंबरच्या मध्यास रविवारची फेरी ४० किलोमीटरांनी सुरू करावी. दर आठवड्यास सुमारे दशांश वाढ. चौथ्या आठवड्यात मात्र अंतर कमी करून अंगाला विसावा द्यावा. वेग असा ठेवावा, की शेजारच्याशी धाप न लागता बोलता यावे. आपण मधुमेहाची औषधे घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून हा क्रम आरंभू नये. मी तसे विचारूनच निघालो, आणि खिशात गुळाचे खडे असल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही.

वाऱ्याचाही हिशेब हवा. या ऋतूत येथे तो बहुधा ईशान्येकडून वाहतो. दक्षिणेकडे जाताना सायकल आपोआप पळते आणि आपल्या पायांत बळ आले, असा भ्रम होतो. परतताना तोच वारा छातीवर येतो. म्हणून निम्मी शक्ती खर्च होण्यापूर्वीच आम्ही मागे वळतो.

तिरुप्पोरूरच्या पुढे गावांकडे जाणाऱ्या वाटांवर पावसाने भरलेले तलाव लागतात. यांना येथे 'एरी' म्हणतात. त्यांच्या बांधांवरील वाट पावसानंतर निसरडी असते, आणि धुके दाट असले, की पुढचे वळणही दिसत नाही. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. त्यापूर्वी पुढे पांढरा व मागे लाल दिवा हवाच. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, पहाटे दारोदार मोठमोठे कोलम रेखाटलेले असतात. ते वाटेपर्यंत पसरलेले असले, की आम्ही उतरून सायकल कडेने नेतो. पोंगलनंतर शेतकरी रस्त्यावरच भात वाळत घालतात. तेथेही हाच शिरस्ता. ही वाट त्यांच्या अंगणाचाच भाग आहे, आपण पाहुणे, हे कन्येला सांगावे लागले नाही. रांगोळी मोडू नये, हे ती आपल्या आजीकडूनच शिकली होती.

नऊ वाजता ऊन चढू लागते. त्याच्या आत घरी यावयाचे, अथवा निदान सावलीत थांबावयाचे. ताशी निदान अर्धा लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू, एवढा शिधा दोघांनाही पुरतो.

मार्च महिन्यात माझी रक्ततपासणी आहे, आणि कन्येची परीक्षाही. दोहोंचा निकाल काय लागेल, हे आज सांगता येत नाही. परंतु एक गोष्ट ठरली आहे : वंदवासीच्या मुक्कामी गृहिणी दशम्यांचा डबा घेऊन बसने येणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी जिंजीचा राजगिरी आम्ही तिघेही पायीच चढणार आहोत.