बेडफर्डमधील सुटीचा गुरुवार

उपदेशकाला विश्रांती देणे यजमानांना नेहमीच अवघड जाते; कारण ज्या दिवशी त्याचे भाषण नसते त्या दिवशी त्याच्याकडून निदान एखादी प्रार्थना, निदान वृद्धांच्या बैठकीत चार शब्द, निदान शब्बाथ शाळेच्या मुलांना हिंदुस्थानातील एखादी गोष्ट, अशी ‘निदाने’ पदरात पाडून घेण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. परंतु मध्य इंग्लंडातील मंडळ्यांतून सकाळ-संध्याकाळ उपदेश करीत हिंडताना माझा घसा पुरता बसला, आणि डॉक्टरांनी एक दिवस तरी आवाज चढवायचा नाही अशी सक्त ताकीद दिली, तेव्हा बेडफर्ड येथील माझ्या यजमानांनी ती ताकीद सरकारी हुकमाप्रमाणे अमलात आणून सबंध गुरुवार मोकळा ठेवला. यजमान रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मंडळीतील एक वडील. त्यांच्या पत्नी चहाची पिशवी सांभाळून मोजके बोलणाऱ्या. आणि सोबतीला मूळची अहमदनगरकडची, इकडे परिचारिकेचे काम करणारी एक मराठी ताई. “सलाम, पाळकसाहेब,” ती दारातूनच म्हणाली, “आज तुम्ही फक्त ऐकायचं. बोलायचं काम आमचं.” ही शिक्षा ऐकून मला मनातून किती आनंद झाला हे मी चेहऱ्यावर दिसू दिले नाही; रोज तीच तीच वचने वेगवेगळ्या व्यासपीठांवरून उच्चारणाऱ्या माणसाला गप्प राहण्याची अधिकृत परवानगी मिळणे ही केवढी चैन असते, हे इतरांना सांगून कळण्यासारखे नाही.

ग्रेट ऊझ नदी या गावाच्या मधून इतकी संथ वाहते की तिला वाहण्याची काही निकड आहे असे वाटतच नाही. काठाने लावलेले वृक्ष, हंस, १८८८ साली बांधलेला पादचाऱ्यांचा पूल हे सर्व रमणीय आहे, आणि इंग्लंडातील पुष्कळ गावांत असे काही ना काही रमणीय असतेच. म्हणून त्याचे वर्णन मी लांबवीत नाही. मला पाहावयाचे होते ते निराळेच. लहानपणी आमच्या घरी पवित्र शास्त्राच्या शेजारी जी मोजकी पुस्तके असत त्यांत ‘यात्रिकक्रमण’ होते. हरी केशवजींनी १८४१ सालीच मराठीत आणलेल्या या ग्रंथाचा मूळ कर्ता जॉन बनियन याच गावच्या तुरुंगात बारा वर्षे होता.

तो तुरुंग आता नाही. हाय स्ट्रीट आणि सिल्व्हर स्ट्रीट जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर तो होता, आणि १८०१ साली तो पाडण्यात आला. आज तेथे दुकाने आहेत. माणसे हातात पिशव्या घेऊन घाईघाईने ये-जा करीत होती, आणि त्या गर्दीत आम्ही चौघे एखाद्या हरवलेल्या वस्तूचा शोध घेत असल्यासारखे खाली पाहत उभे होतो. यजमानांनी तेथेच, रहदारीच्या आवाजात, मला तो खटला सांगितला, आणि सांगताना त्यांच्यातला निवृत्त कारकून जागा झाला: तारखा, कलमे, अधिकाऱ्यांचे हुद्दे, सगळे चोख.

१६६० साली राजा दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि राज्यमान्य चर्चबाहेरच्या उपदेशकांचे दिवस फिरले. गावोगाव हिंडून फुटक्या भांड्यांना डाग देणारा कारागीर बनियन नोव्हेंबरात लोअर सॅमसेल नावाच्या खेड्यात सभा घेण्यास गेला तेव्हा पकडवॉरंट निघाल्याची बातमी त्याला आधीच लागली होती. निसटण्यास सवडही होती. पण उपदेशकच पळाला तर दुबळ्या विश्वासणाऱ्यांनी काय करावे, असा विचार करून तो थांबला. पुढच्या जानेवारीत शिक्षा झाली ती तीन महिन्यांची, आणि तेवढ्यात सुधारला नाही तर हद्दपारी, हद्दपारीतून परतला तर फाशी. मात्र त्याच्यापुढे एक सोपी वाटही ठेवली होती. न्यायाधीशांच्या कचेरीतील पॉल कॉब नावाचा अधिकारी, आपल्याकडील शिरस्तेदाराच्या तोलाचा म्हणावा, तुरुंगात येऊन त्याला मोठ्या सौजन्याने समजावू लागला की खाजगीत, शेजाऱ्यापाजाऱ्याला काय सांगायचे ते सांग, फक्त लोक जमवून बोलू नकोस. एवढा मुचलका लिहून दिला असता तर सारे मिटले असते. बनियनने तो दिला नाही, आणि तीन महिन्यांची बारा वर्षे झाली.

मी ऐकत होतो, आणि बोलण्याची बंदी असल्यामुळे ‘हो, हो’ म्हणून विषय पुढे ढकलण्याची जी सोय उपदेशकांना एरवी असते ती मला नव्हती. बनियनच्या घरी चार मुले, त्यांतली थोरली मेरी जन्मांध. दुसरेपणावर आलेली तरुण पत्नी एलिझाबेथ अटकेच्या धक्क्याने अवेळी प्रसूत होऊन मूल गमावून बसलेली. आणि हा गृहस्थ कोठडीत नाड्यांना धातूची टोके बसवून त्यांच्या विक्रीवर संसार रेटतो आहे. कॉबसाहेब माझ्याकडे आले असते तर मी त्यांना बसावयास खुर्ची दिली असती आणि कागद वाचून पाहिला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्या एलिझाबेथची हकिकत मला बनियनच्या हकिकतीहूनही थोर वाटते. १६६१ च्या ऑगस्टात ती नवऱ्याचा अर्ज घेऊन न्यायाधीशांसमोर उभी राहिली, ती ‘स्वॉन’ या खानावळीच्या दालनात. नदीच्या पुलाशी आज त्या नावाचे जे हॉटेल आहे ते अठराव्या शतकाच्या अखेरचे. आम्ही तेथे चहा घेतला आणि त्यातला जुना लाकडी जिना पाहिला. हा जिना ॲम्पटहिलजवळच्या हॉटन हाउस या आता भग्न झालेल्या वाड्यातून आणलेला आहे, आणि ‘यात्रिकक्रमणा’तील सुंदर मंदिर बनियनला त्याच वाड्यावरून सुचले असे इकडे मानतात. सर मॅथ्यू हेल हे त्या न्यायाधीशांतले दयाळू. त्यांनी तिला राजाकडे अर्ज, क्षमापत्र किंवा निकालातील दोषाबद्दल फेरतपासणीचा हुकूम असे तीन मार्ग दाखवले, आणि शेवटचा सर्वांत स्वस्त पडेल हेही सांगितले. परंतु दुसऱ्या एका न्यायाधीशांनी सरळ विचारले की तो उपदेश सोडील काय. तिचे उत्तर असे की त्याला बोलता येते आहे तोवर ते सोडण्याची त्याची छाती नाही.

येथे ताईने माझ्याकडे पाहून घशाला हात लावला आणि हसली. मीही हसलो, पण चहा थोडा गार झाल्यासारखा वाटला.

मिल स्ट्रीटवरील बनियनच्या मंडळीचे मंदिर एकोणिसाव्या शतकातले आहे. १६७२ साली त्याची सुटका झाली, राजाकडून उपदेशाचा परवानाही मिळाला, तेव्हा मंडळीने याच जागी एक कोठार आणि त्याची बाग विकत घेऊन उपासना सुरू केली. प्रवेशाची कांस्याची जी भव्य द्वारे आहेत ती फ्रेडरिक थ्रप या शिल्पकाराची, बेडफर्डच्या ड्यूकने १८७६ साली दिलेली; यात्रेतील प्रसंगांचे दहा फलक त्यांवर उठावाने काढले आहेत. उमरावाने भांड्यांना डाग देणाऱ्याच्या दारी कांस्य लावावे, यात काळाने घेतलेला सूड आहे की भरपाई, हे मला ठरवता आले नाही. मी मात्र आतील संग्रहालयातल्या दुसऱ्याच दारापाशी रेंगाळलो. ते तुरुंगाचे दार. ओकच्या जाड फळ्यांचे थर एकावर एक ठोकून केलेले, मध्ये एवढीशी गजांची खिडकी. शेजारच्या कांस्याहून हे लाकूड अधिक काळ लक्षात राहील. बनियनची ऐरणही तेथे आहे, तिच्यावर नाव आणि १६४७ हे साल कोरलेले.

परतताना सेंट पॉल्स चौकात जॉन हॉवर्डचा पुतळा लागला. तुरुंगसुधारक म्हणून जगाला माहीत असलेला हा मनुष्य याच मंडळीत काही काळ उपासनेस येत असे, आणि १७७३ साली या परगण्याचा शेरीफ झाल्यावर त्याने पहिल्यांदा तुरुंगाचे दफ्तर नीट पाहिले, तेव्हा त्याला आढळले की निर्दोष सुटलेले लोकही जेलरची फी देता येत नाही म्हणून आत खितपत पडले आहेत. जेलरला पगारच नव्हता. त्याने पगार सुचवला, न्यायाधीशांनी दुसऱ्या परगण्यातील दाखला मागितला, आणि तो दाखला शोधण्यासाठी हॉवर्ड जो घोड्यावर बसला तो युरोपभर तुरुंग पाहत हिंडला आणि १७९० साली रशियन मुलखात खेरसोन येथे ज्वराने वारला. ‘दाखला दाखवा’ या सरकारी उत्तराने जगाचे इतके कल्याण दुसऱ्या कोठे केले असेल असे वाटत नाही.

दुपारी आम्ही एल्स्टोला गेलो. गावाबाहेर दक्षिणेस हे बनियनचे खेडे. मैदानात विटा-लाकडाचा जुना मूट हॉल, पलीकडे मठाचे चर्च, आणि चर्चपासून सुटा उभा असलेला घंटेचा मनोरा, ज्यातल्या घंटा वाजवण्याचा तरुण बनियनला छंद होता, आणि मन पालटल्यावर आपल्या पापाबद्दल घंटा डोक्यावर कोसळेल या भयाने तो तुळईखाली उभा राहू लागला, पुढे मनोराच पडेल म्हणून दाराशीही थांबेना. या मैदानात एका रविवारी तो खेळत असताना त्याला स्वर्गातून वाणी ऐकू आल्याची कथा आहे. यजमान खेळाचे वर्णन करू लागले: दोन्ही टोकांना निमुळता लाकडाचा तुकडा, तो दांडक्याने टोकावर मारून उडवायचा, आणि हवेत असताना टोलवायचा, खड्ड्यातून उडवून एक टोला झाला होता, दुसरा मारणार तोच ती वाणी आली. ताई आणि मी एकदमच म्हणालो, “विटीदांडू!” तेवढ्यापुरते मौन मोडल्याबद्दल मला कोणी बोलले नाही.

मग यजमानांना तो कसा खेळतात हे पाहण्याची इच्छा झाली. झाडाखाली पडलेली एक फांदी मोडून चाकूने टोके तासली, दांडू म्हणून त्यांची छत्री मिळाली, आणि गल म्हणून ताईने टाचेने हिरवळीत एक खळगा केला, ज्याबद्दल यजमानांच्या पत्नींनी आजूबाजूला पाहून घेतले. माझा पहिला टोला गेला तो फार लांब नाही. दुसऱ्याच्या वेळी ताई म्हणाली, “थांबा पाळकसाहेब, वाणी येईल,” आणि यजमानांना तिने याचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी गंभीरपणे खिशातून दैनंदिनी काढून पाहिली, आज गुरुवार आहे, हरकत नाही, असा निर्वाळा दिला, आणि छत्री स्वतःकडे मागितली.