लिस्बन आणि कोर्लई

आमची कन्या व जावईबापू नोकरीनिमित्त पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बन शहरी, बिऱ्हाड करून राहतात. त्यांच्या आग्रहावरून २०२३ सालच्या मे महिन्यात आम्ही सपत्नीक तेथे जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, संस्कृताच्या आधारे पोट भरलेले, रेवदंड्याच्या नारळीपोफळीत आयुष्य काढलेले शाळामास्तर. परंतु त्या शहरात आमची एक जुनी चूक आम्हांस उमगली. ती वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

प्रथम शहराविषयी दोन शब्द. लिस्बन सात टेकड्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. चढाच्या अरुंद गल्ल्यांतून अठ्ठावीस क्रमांकाची पिवळी ट्राम खडखडत जाते, तीत एकदा तरी बसावे. १७५५ सालच्या भूकंपात शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. त्यानंतर वसविलेल्या पेठेतील रस्ते मात्र सरळ रेषेत आखलेले आहेत. रंगीत फरशांचे एक संग्रहालय १५०९ साली स्थापन झालेल्या जुन्या मठात आहे. भूकंपापूर्वीचे अवघे शहर फरशांवर चितारलेला तेवीस मीटर लांबीचा पट तेथे पाहावयास मिळतो. आमचे कुटुंब त्या फरशांपुढून हलेना. घरी परतल्यावर रांगोळीत घालण्यासाठी त्यांनी चारदोन नक्षी वहीत उतरवून घेतल्या.

नदीकाठी बेलें नावाच्या भागात १५१४ ते १५१९ या काळात बांधलेला बुरूज आहे आणि जवळच जेरोनिमुशचा भव्य मठ आहे. मसाल्याच्या व्यापारावरील कराचे उत्पन्न या मठाच्या बांधकामी लागले. म्हणजे त्या कोरीव खांबांत आमच्या किनाऱ्याच्या मिऱ्यांचाही वाटा आहे! १५२४ साली कोचीस मरण पावलेल्या वास्को द गामाची समाधी तेथेच आहे. तिच्यापुढे उभे असता आमच्या मनात आदर उपजला नाही, हे प्रांजळपणे सांगतो. १५२१ साली फिरंग्यांनी निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्यास कोट बांधावयास घेतला, तो १७४० साली मराठ्यांच्या हाती येईपर्यंत त्यांच्याकडे होता. त्याच कोटाच्या आत आमचे घर आहे. तटाचे दगड पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो व परकी सत्तेची चीडही तेथेच शिकलो.

पण खरा धडा मठात नव्हे, बाजारात मिळाला. आमची सात वर्षांची नात बोट धरून चालली होती. ती म्हणाली, “आजोबा, इथले लोक आपलेच शब्द बोलतात हो!” पाहतो तो पावाला पांव, बटाट्याला बटाटाच! नातीने घरी परतेपर्यंत चावी, बादली, घमेले अशी यादीच केली. पगार हा शब्दही तिकडचाच. वर्गात असताना निबंधात ‘पगार’ दिसला की आम्ही तांबड्या शाईने खोडून ‘वेतन’ लिहीत असू. भाषेचे सोवळे सांभाळण्याचा तो अभिमान त्या दिवशी थोडा ओशाळला.

इतक्यात एक वृद्ध बाई आमच्यासाठी संत्री मोजू लागली : “उं, दोयश, त्रेश, क्वात्रु...” आणि आम्ही जागच्या जागी थबकलो. हे आकडे आम्ही पूर्वी ऐकले होते.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीपलीकडच्या कोर्लई गावाहून एक मुलगा होडीने आमच्या वर्गात येई. गणित सोडविताना तो ओठांतल्या ओठांत काही विचित्र पुटपुटे. “ही कसली रानटी बडबड?” असे म्हणून आम्ही त्याच्या हातावर छडी मारली. वर्ग हसला. तो मुलगा पुन्हा कधी मोठ्याने मोजताना आढळला नाही.

ती बडबड नव्हती. कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबांची ती घरची बोली आहे. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही ती गावाने जिवंत ठेवली. तिच्यातील शब्द बहुतांशी पोर्तुगीज, परंतु वाक्याची ठेवण मराठीसारखी : क्रियापद शेवटी. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन पंडिताने तिच्यावर १९९६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. सातासमुद्रापलीकडील विद्वानाला जे मोलाचे वाटले, ते आमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसले होते आणि आम्ही त्यावर छडी उगारली!

परत आल्यावर आठवड्याच्या आत आम्ही साळावचा पूल ओलांडून कोर्लईस गेलो. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. त्याने आम्हांस ओळखले, खुर्ची दिली, शहाळे फोडले. आम्ही छडीची गोष्ट काढून क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “गुरुजी, किती वर्षे झाली त्याला! आता कशाला आठवता?” आम्ही हट्टच धरला, तेव्हा त्याने बोटे धरून आम्हांस दहापर्यंत आकडे म्हणून दाखविले. त्याचा नातू दारात उभा राहून ऐकत होता. “याला येतात का?” आम्ही विचारले. “समजतात, पण मोजतो तो मराठीत. शाळेत तेच बरे पडते,” तो म्हणाला.

त्या उत्तरात राग नव्हता. तरी ते आम्हांस छडीसारखे लागले.

वाचकहो, ऐपत व योग असेल तर लिस्बन अवश्य पाहा. मात्र जाण्यापूर्वी एक दिवस मुलानातवंडांसह रेवदंड्याचा कोट, सातखणीचा मनोरा आणि कोर्लईचा किल्ला पाहून या. आणि गावात कोणी आपल्या भाषेत बोलत असेल, तर घटकाभर थांबून ऐका. आम्ही आता दर रविवारी तिकडे जातो. वहीत शब्द उतरवून घेतो. नातवाला आजोबांकडूनच विचारावयास सांगतो, म्हणजे त्याच्याही कानावर ते पडतात. कालपर्यंत एकशे चौदा शब्द झाले.