खरं आहे का, तेवढं सांग

हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, पण दर वीकेंडला काहीतरी हलकंफुलकं लिहून वेळ मारून नेत होतो. (तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकवर लिहिणं कधीही सोपं!) आज मात्र लिहितोच.

मी मराठी ख्रिस्ती. मूळ गाव नगर जिल्ह्यात, इंजिनिअरिंग पुण्यात, नोकरी चाकणला. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे ऑफिसात पहिले काही महिने कुणाला पत्ता लागत नाही. मग डिसेंबर येतो, मी डब्यात आईने केलेल्या करंज्या आणि केक घेऊन जातो आणि प्रश्न सुरू होतात. "म्हणजे तुम्ही कन्व्हर्ट झालेले का?" हा पहिला. "घरी मराठीच बोलता?" हा दुसरा. (नाही हो, घरी आम्ही हिब्रू बोलतो.) याची आता सवय झालीये. पण मागच्या नाताळात टीममधल्या एका मित्राने वेगळंच विचारलं. म्हणाला, "ते सगळं राहू दे रे. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे तुला खरंच घडलंय असं वाटतं की घरचं आहे म्हणून चाललंय?"

शेजारच्याने लगेच सारवासारव केली, "अरे, सगळे धर्म शेवटी सारखेच. श्रद्धा महत्त्वाची." भला माणूस आहे तो. पण मला पहिल्याचा प्रश्न जास्त आवडला, कारण त्याने माझं म्हणणं निदान खोटं ठरू शकेल इतकं गंभीरपणे घेतलं. आपल्याकडे एके काळी हे सर्रास चालायचं. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईत समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते आणि लोक ऐकायला जमत होते. आता आपण फार सभ्य झालोय. एकमेकांच्या सणाला फराळ खातो आणि मूळ विषयाला हात लावत नाही. असो.

तर, खरं की खोटं. ख्रिस्ती धर्माची अडचण म्हणा किंवा गंमत म्हणा, तो एका घटनेवर उभा आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला जे पत्र लिहिलं (साधारण इ.स. ५३ ते ५५), त्यात तो स्वतःच सांगतो की ख्रिस्त उठलेला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ. म्हणजे टेस्ट केस त्यानेच लिहून दिलीये, वर ती फेल झाली तर अख्खं प्रॉडक्ट गुंडाळा म्हणतोय. चांगली शिकवण, शाळा, दवाखाने, सुंदर गाणी, कशाच्याही आडोशाला उभं राहायची सोय ठेवलेली नाही.

माझं काम ट्रेसेबिलिटीचं. ग्राहकाकडून एखादा पार्ट परत आला की त्यावरचा बारकोड वाचायचा आणि तो कुठल्या शिफ्टला, कुठल्या मशीनवर, कुठल्या लॉटमधून निघाला ते मागे मागे शोधत जायचं. या कामाने एक सवय लागते. नंतर कुणीतरी एक्सेलमध्ये व्यवस्थित भरलेल्या माहितीपेक्षा त्या वेळची, त्या जागची नोंद आधी बघायची, भले ती वेडीवाकडी असेना. त्याच सवयीने मी हे बघतो. येशूला क्रुसावर दिलं ते इ.स. ३० किंवा ३३च्या सुमारास. याबद्दल फारसा वाद नाही, रोमन इतिहासकार टॅसिटसनेही पिलाताच्या हाताखाली झालेल्या या शिक्षेचा उल्लेख केलाय. पौलाचं पत्र त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी आलेलं. त्यात ज्यांना ज्यांना तो दिसला त्यांची यादीच आहे: पेत्र, मग बारा जण, मग पाचशेहून जास्त लोक, मग याकोब, सगळे प्रेषित, सगळ्यात शेवटी स्वतः पौल. वर तो हेही सांगतो की त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत. मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, असंही म्हणतो. म्हणजे यादी पत्राहूनही जुनी.

यातली दोन नावं मला जास्त विचार करायला लावतात. पौल हा या लोकांचा छळ करणारा. आणि याकोब हा येशूचा भाऊ, ज्याच्याबद्दल योहानाच्या शुभवर्तमानात चक्क लिहिलंय की येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. आता विचार करा, आपला सख्खा भाऊ देवाचा पुत्र आहे हे मान्य करायला आपल्याला काय काय लागेल? (माझा धाकटा भाऊ हे वाचतोय, म्हणून पुढे काही लिहीत नाही.) तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला आणि इ.स. ६२ मध्ये त्याला दगडमार करून मारलं, हे जोसीफस या ज्यू इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय.

तिसरी गोष्ट बायकांची. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा बघतात त्या बायका. त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. जोसीफसने तर बायकांची साक्ष घेऊच नये असं लिहून ठेवलंय. बनाव रचणाऱ्याने पहिल्या साक्षीदार म्हणून मग्दालीया मरीयेला उभं केलं नसतं, गावातला एखादा वजनदार माणूस शोधला असता. हां, बायका किती होत्या, देवदूत एक की दोन, यावर चौघांचे तपशील जुळत नाहीत आणि पौलाच्या यादीत बायका नाहीतच. हे आक्षेप खरे आहेत. पण चार ऑपरेटरांची स्टेटमेंटं शब्दाला शब्द जुळली की मला जास्त संशय येतो.

हे सगळं मी मित्राला सांगितलं तेव्हा त्याने फार भारी प्रश्न टाकला. "देहू इथून किती लांब आहे? मग तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, तेही मान ना."

हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. टिंगल तर नाहीच नाही. ज्या नारायण वामन टिळकांची गीतं आमच्या उपासनेत आजही गातात, त्यांनीच सांगून ठेवलंय की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो. माझं उत्तर एवढंच, की १६५०च्या त्या बीजेला काय झालं ते बाजूला ठेवलं तरी गाथा जशीच्या तशी उभी राहते. वारकऱ्याचं काही अडत नाही. माझं अडतं. तिसऱ्या दिवसाची घटना काढून घेतली तर माझ्या हातात एका भल्या सुताराची शोकांतिका उरते. म्हणून मला तिथे खोदावं लागतं, आणि खोदल्यावर जे सापडतं त्याचं दुसरं सोपं स्पष्टीकरण मला पटत नाही. भास म्हणावं तर छळ करणाऱ्याला आणि न मानणाऱ्या भावाला तोच भास कसा? दंतकथा म्हणावं तर वीस वर्षं फार थोडी. शंभर टक्के सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. पण तराजू एका बाजूला झुकतो, एवढं नक्की म्हणतो.

आता इथेच थांबलो तर मी नीळकंठशास्त्री गोऱ्हे होईन. काय माणूस होता! काशीत वाढलेला चित्पावन पंडित. आधी मिशनऱ्यांचं खंडन करणारा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, मग वाद घालता घालता स्वतःच पटून १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे आयुष्यभर शंकांनी पोखरत राहिला. तर्काने आलेला माणूस तर्काच्या प्रत्येक फटीपाशी अडायचा.

पंडिता रमाबाईंना या गोऱ्ह्यांच्या लिखाणाने बुद्धीच्या पातळीवर पटलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून मान डोलावणाऱ्या त्या नव्हत्या. त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर त्यांनी केलेली भांडणं पत्रांमधून वाचायला मिळतात. आणि मग त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! एवढ्या विदुषीला!

रमाबाईंना हलवून सोडलं ते आणखी एका गोष्टीने. लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने टाकून दिलेल्या बायकांना सांभाळणाऱ्या भगिनींकडे असताना त्यांनी शोमरोनी बाईची कथा ऐकली. विहिरीवर दुपारची एकटी आलेली बाई, तिच्या जमातीशी ज्यू लोक भांड्याचाही व्यवहार ठेवत नाहीत, आणि येशू तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो. पाणवठ्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही.

आमच्या घरी तर नाहीच. माझे खापरपणजोबा १८९९-१९००च्या दुष्काळात ख्रिस्ती झाले. त्याआधी गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. 'पिठासाठी बाटले' हे वाक्य आमच्या चार पिढ्यांनी ऐकलंय. मला त्याचा राग येत नाही, कारण बहुधा ते खरंच आहे. पण बग कुणी रिपोर्ट केला, त्या वेळी तो उपाशी होता का, यावरून बग आहे की नाही हे ठरत नाही. आणि देव खालच्या माणसाकडे पाणी मागायला येतो, या बातमीची पारख तहानलेल्याने करायची नाही तर कुणी? त्याच वेळी हेही खरं की आमच्या मंडळ्यांमध्ये जात आत आलीच. बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजावर हा ठपका ठेवला, आणि १९५६ साली ते बुद्धाकडे गेले. ठपका रास्त होता. तो आमच्यावर आहे. रिकाम्या कबरीवर नाही.

शेवटचं एक कारण सांगतो, ते पुराव्यात बसत नाही. दोन वर्षांपूर्वी एका व्हेंडरच्या (नाव नको) प्रेस शॉपमध्ये स्कॅनर बसवायला जात होतो. तिथे परभणीकडचा एक कंत्राटी पोरगा होता, वीसेक वर्षांचा. सेन्सरमुळे स्पीड कमी होतो म्हणून तो बंद करून ठेवलेला, आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. भेटायला गेलो तर म्हणाला, "दादा, खंडोबाने हात वाचवला म्हणायचं की बोटं नेली म्हणायचं?"

मला उत्तर आलं नाही. आमचे पाळक साहेब असते तर काहीतरी बोलले असते, म्हणून बरं झालं ते नव्हते. पण घरी येताना थोमाची गोष्ट डोक्यातून जाईना. तो म्हणतो, खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मानणार नाही. आणि उठलेला येशू त्याला हात दाखवतो, तर व्रण तसेच! मरणातून उठवायचंच होतं तर ते पुसून टाकायला काय हरकत होती? देवाची कल्पना मला करायला सांगितली असती तर मी स्वच्छ, अखंड हातांचा देव केला असता. हा मला सुचला नसता, आणि जे आपल्याला सुचलं नसतं ते बाहेरून आलेलं असण्याची शक्यता मी जास्त धरतो.

त्या पोराला मी यातलं काही बोललो नाही. त्याचे ईएसआयचे फॉर्म भरायचे होते. सही डाव्या हाताने करावी लागणार होती, म्हणून औषधाच्या बिलांच्या मागे आम्ही दोघांनी तासभर सराव केला. सहाव्या बिलावर जमली.