कोय आधी, कलम मागून

आंबा लावायचा तर कलमच लावा, असं मी वर्षानुवर्षं येईल त्याला सांगत आलो. रायपूरच्या बूढापाऱ्यातली आमची मराठी घरं जुनी, परसं लहान. तिथे सात-आठ वर्षं वाट पाहायची आणि शेवटी दोरेदार, आंबट फळ पदरात पडायचं, हा व्यवहार मला पटत नसे. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं आणि तेही जातिवंत. यातलं एक अक्षरही खोटं नाही. मत बदललं ते शहराबाहेरच्या जमिनीमुळे.

रायपूरभोवती बरीच भाटा माती आहे. लाल, मुरमाड, पाणी न धरणारी. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, वर लू. पिशवीत वाढलेल्या कलमाचं सोटमूळ बुडाशी अडून गुंडाळलेलं असतं. पहिले दोन-तीन उन्हाळे बादल्या ओतल्या तरच ते तग धरतं. जागेवर रुजलेल्या कोयीचं मूळ मात्र वाट मिळेल तसं सरळ खाली उतरतं. खेड्यांतल्या जुन्या अमराया बहुतेक कोयीच्याच आहेत.

तेव्हा आता माझा सल्ला असा: भाट्यावर खड्डा भरून कोय जागेवरच लावा. रोप वर्षाचं झालं की पावसाळ्यात तांबूस पालवीचा कोवळा शेंडा छाटा, मधोमध दीड इंच चीर द्या. हव्या त्या जातीची पेन्सिलीएवढी काडी दोन्ही अंगांनी तासून पाचरीसारखी करा, चिरेत बसवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधा. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ राखून काढली, म्हणजे डोळा फुगतो. एका बाजूने तरी सालीला साल भिडलीच पाहिजे, नाहीतर काडी काही दिवस हिरवी राहून आपल्याला फसवते आणि मग काळी पडते. (नुसती फांदी खोचून आंबा येत नाही. ते लाड डाळिंबाचे.)

काही रोपं मात्र मी आता कलम न करता तशीच सोडायला सांगतो. याला कारण पेरू. आपण एल-49 किंवा सरदार म्हणतो ती जात पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी 1927 साली निवडली, अलाहाबाद सफेद्याच्या बियांपासून वाढलेल्या रोपांमधून. कलम आहे ती जात जशीच्या तशी पुढे नेतं. नवं काही हवं असेल तर बीच पेरावं लागतं. वेंगुर्ल्याचा रत्ना आंबाही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेलं रोपच होतं.

लहान परसात मी आजही कलमच लावीन. पण शेताच्या बांधावर जागा असेल आणि एखाद्या रायवळाचा रस जिभेवर राहिला असेल, तर ती कोय उन्हात टाकू नका. धुऊन, सावलीत सुकवून लगेच लावा. महिनाभर पडून राहिली, तर ती उगवण्याची आशा फारशी उरत नाही.