लिखनियाच्या दरीत

काशीस बदली झाली हे कळताच आमच्या आप्तेष्टांनी आमच्या पूर्वपुण्याची मोजदाद सुरू केली. कोणी गंगाजलाच्या गडूची मागणी नोंदविली, कोणी पितरांची नावे लिहून धाडली. अशा पुण्यक्षेत्री राहून आम्ही सुटीच्या दिवशी गंगेकडे पाठ फिरवितो आणि मिर्झापूरच्या डोंगरांत गुहा धुंडाळीत हिंडतो, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? ब्रह्मा घाटावरील ज्या जुन्या वाड्यात आमचे बिऱ्हाड आहे, तेथल्या आजींना हे ठाऊक आहे. त्या म्हणतात, "अरे, मोक्ष मिळावा म्हणून माणसं इथं येतात, नि तू उन्हातान्हात दगड बघत फिरतोस! दगड का इथं कमी आहेत?"

दगड कमी नाहीत हे खरेच. ब्रह्मा घाट नारायण दीक्षित पाटणकरांनी १७४० च्या सुमारास बांधविला. तेव्हापासून या आळीत मराठी बोलणे ऐकू येते. येथल्या आंग्र्यांच्या वाड्यातला गणेशोत्सव तर दूरवरच्या बिऱ्हाडकरूंनाही ओढून आणतो. पण घाटाच्या पायऱ्यांना मराठी दगड कोठून मिळणार? काशीचे घाट उभे राहिले ते चुनारच्या वालुकाश्मावर. फिकट पिवळसर, बारीक कणांचा, मधूनच काळे ठिपके असलेला हा दगड. सारनाथचा सिंहशीर्षस्तंभ याच दगडाचा. २६ जानेवारी १९५० पासून ते सिंह आमच्या कचेरीच्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर बसलेले आहेत. ज्या खाणीच्या दगडावर आपण सकाळी स्नानास उतरतो, त्याच खाणीचे सिंह दिवसभर आपल्या टिपणांवर डोळे ठेवून असतात, हा विचार मनात आला आणि ती खाण पाहिल्यावाचून राहवेना. चुनारच्या टेकड्यांत बनारस हिंदू विद्यापीठाच्या विदुला जायसवाल यांनी १९९० नंतर या प्राचीन खाणींचा माग काढला. तेथे कापून ठेवलेल्या गोलाकार शिळांवर खरोष्ठी अक्षरेही सापडली. वायव्येकडची ती लिपी इतक्या दूर आलेली पाहून, बदलीवर आलेले आपणच पहिले नव्हे, एवढे समाधान आम्हांस लाभले.

खाणी पाहून झाल्या आणि पाय पुढे वळले ते अहरौऱ्याकडे. बनारसहून सोनभद्रास जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. येथल्या टेकडीवर अशोकाचा एक लघुशिलालेख आहे; तो १९६१ साली अलाहाबाद विद्यापीठाच्या गोवर्धनराय शर्मा यांना आढळला. त्यात २५६ रात्रींचा उल्लेख आहे आणि तो राजाच्या दौऱ्याविषयीचा असावा, असे एक मत आहे. प्रवासभत्त्याची बिले तपासणाऱ्या आमच्यासारख्यास २५६ रात्रींचा दौरा ऐकूनच घेरी यावी!

अहरौऱ्याच्या पुढे गरई नदीच्या काठाने चालत गेले की लिखनिया दरी येते. इकडे धबधब्याच्या घळीसच दरी म्हणतात. मराठी कानास हा शब्द परक्या मुलखात एकदम ओळखीचा भेटतो. ओळख मात्र तेवढ्यावरच थांबते. कार्ले-भाजे पाहत वाढलेल्या आम्हांस गुहा म्हटले की छिन्नी आठवते: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ, आणि त्यात माणसाने घडविलेले खांब. येथे माणसाने काहीच घडविलेले नाही. शंभर कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी उथळ पाण्याखाली साचलेली वाळू थरांवर थर चढून दगड झाली. पुढे नदीने आणि पावसाने मऊ थर पोखरले, कठीण थर छपरासारखे पुढे राहिले. नदीपात्रात काही फरशा अशा आहेत की त्यांवर पाण्याच्या लाटांच्या बारीक वळ्या जशाच्या तशा गोठलेल्या दिसतात. अनवाणी पायाने त्यांवरून चालून पाहावे. त्या पाण्यात मासा नव्हता, काठावर गवताचे पाते नव्हते. होती ती केवळ लाट, आणि ती टिकली आहे.

छपरासारख्या त्या कातळाखाली गेरूने काढलेली चित्रे आहेत. त्यांवरूनच या जागेस लिखनिया, म्हणजे लिहिलेली, हे नाव पडले. रानहत्ती धरण्याचा एक प्रसंग आहे. माणसाळलेले हत्ती, घोडेस्वार, पळणारी जनावरे. घोड्यावर स्वार झालेला माणूस आहे म्हणजे हे चित्र अगदी आदिम काळचे नसावे. पण काळाचा निकाल विद्वानांनी लावावा. आम्हांस हत्तीच्या पाठीची ती एका दमात ओढलेली रेषा पुरेशी आहे.

मिर्झापूरच्या या डोंगरांचे ऋण जगाने पुरते मानलेले नाही, अशी आमची तक्रार आहे. पुरातत्त्व खात्यातील आर्चिबाल्ड कार्लाइल यांनी १८६७-६८ मध्ये येथल्या सोहागीघाटी चित्रे पाहिली. स्पेनमधील आल्तामिराची चित्रे उजेडात आली ती १८७९ साली. पण कार्लाइल यांनी आपले शोध नीटसे छापले नाहीत. त्यांची टिपणे एका पाद्री मित्रापाशी राहिली आणि १९०६ साली व्हिन्सेंट स्मिथ यांनी ती प्रसिद्ध केली. फाईल वेळेवर पुढे सरकली नाही म्हणजे काय होते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. १८८३ साली जॉन कॉकबर्न यांनी येथल्याच गेंड्याच्या शिकारीचे चित्र प्रसिद्ध केले. पुढे १९५७ साली भीमबेटकाची गुहाचित्रे जगापुढे आणली ती नीमचला जन्मलेल्या, उज्जैनला राहिलेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी. मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने भोवतालच्या भूमीकडे कसे पाहावे, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता अप्रिय भाग. लिखनियास सहलीची माणसे पुष्कळ येतात आणि दगड दिसला की त्यावर आपले नाव लिहितात. कोळशाने, चुन्याने, खिळ्याने, आणि अलीकडे तेलरंगाने. एका घोडेस्वाराच्या अंगावरून बाण मारलेले हृदय गेले आहे. एके ठिकाणी अस्सल मराठी आडनाव आणि खाली गावाचे नाव वाचून आम्हांस तेथे उभे राहवेना. संबंधित कचेरीस आम्ही रीतसर पत्र धाडले. ते योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठविल्याचे उत्तर आले. अशी उत्तरे आम्ही स्वतःच रोज लिहितो, म्हणून तिच्यावर रागावण्याची सोय नाही. मग, या जागेविषयी लिहून आणखी माणसे तिकडे धाडावी काय? पुष्कळ दिवस आम्ही यासाठीच लेखणी उचलली नव्हती. पण नाव लिहिणारे आमचा लेख वाचून येत नाहीत. ते येतच आहेत. न येणारे वाचकच काय ते आपण.

म्हणून आम्ही एक उद्योग आरंभिला आहे. दरवर्षी हिवाळ्यात ठरावीक शिळेवर उभे राहून, चित्राशेजारी एक पट्टी धरून, आम्ही त्याच चित्राचे छायाचित्र घेतो. तीन वर्षांची तीन छायाचित्रे शेजारी ठेवली तर पहिल्यातील हत्तीचे शेपूट तिसऱ्यात नाही. तेथे कोणाचे तरी आद्याक्षर आहे.

यंदा आमची बदली होण्याचा संभव आहे. ब्रह्मा घाटावरच एक महाविद्यालयीन मुलगा राहतो, आजींचा नातू. गेल्या खेपेस तो आमच्याबरोबर आला होता, आणि पट्टी त्यानेच धरली होती. त्याच्या नावे आम्ही कार्यभाराची यादी करून ठेवली आहे: पट्टी एक, विजेरी एक, छायाचित्रे तीन, उभे राहण्याच्या शिळेचा नकाशा एक. शेरा: पावसाळ्यात जाऊ नये, गरईस अकस्मात लोंढा येतो, नोव्हेंबरात पहाटेची मोटार धरावी, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी कातळाखाली पोहोचता येते.