खिशात नसलेला फोटो

जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्व्हिन ८ जून १९२४ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले होते का? शंभर वर्षे उलटून गेली, तरी या प्रश्नावर पुस्तके निघतात आणि शोधमोहिमाही निघतात. आम्ही दोघे मराठी शिकवतो. सह्याद्रीतल्या चार-दोन गडांपलीकडे आमची मजल गेलेली नाही. तरीही या प्रकरणाने आम्हाला धरून ठेवले आहे, आणि त्याचे कारण आमच्या विषयातच आहे. साक्ष कोणाची, ती केव्हा लिहिली गेली, पुढे तिच्यात पालट का झाला, रिकाम्या जागी वाचक स्वतःच्या पदरचे काय घालतो, हे पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही शिकवतो. येथे ते सारे एका उघड्या डोंगरावर मांडून ठेवलेले आहे.

१९९९ च्या मे महिन्यात मॅलरीचा देह सापडल्याची बातमी आली तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो. ग्रंथालयात वर्तमानपत्र उघडून ती वाचताना पर्वतापेक्षा माणसाकडेच आमचे लक्ष अधिक गेले. मॅलरी शाळामास्तर होता. चार्टरहाऊस या शाळेत त्याच्या हाताखाली रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज हा पुढचा कवी शिकला. चरित्रकार बॉझवेलवर १९१२ साली मॅलरीने स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. म्हणजे हा गृहस्थ आपल्याच बिरादरीतला! तो पोहोचला असावा असे आम्हाला वाटू लागले ते त्या क्षणापासून. अर्थात, वाटणे हा पुरावा नव्हे.

पुराव्यांतला सर्वांत मोठा म्हणजे नोएल ओडेलची नजर. त्या दिवशी दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी ढग क्षणभर फाटले आणि कड्यावरील एका खडकाळ टप्प्यावर दोन काळे ठिपके वर सरकताना त्याला दिसले. मग ढग मिटले. हा टप्पा कोणता? ओडेलच्या आरंभीच्या लेखनावरून तो शिखराच्या पायथ्यापासून फार दूर नव्हता, म्हणजे गिर्यारोहक ज्याला 'सेकंड स्टेप' म्हणतात तो ८,६०० मीटरच्या आसपासचा उभा कातळ असावा. पुढे लोकांनी शंका घेतल्यावर तो खालचा, 'फर्स्ट स्टेप'ही असू शकेल, असे ओडेलने मान्य केले. साक्षीदार एकच, पण पाठ दोन. पहिला पाठ घटनेच्या जवळचा म्हणून ग्राह्य धरायचा, की दुसरा अधिक सावध म्हणून?

शेवटच्या छावणीवरून मॅलरीने चिठ्ठी धाडली ती छायाचित्रकार जॉन नोएलला. आम्हाला कड्यावर शोधायला अमुक वेळेपासून लागा, असा तिचा आशय. पण वेळ लिहिली आहे रात्री आठची. सकाळचे आठ म्हणायचे होते, हे उघड आहे. सारे अभ्यासक ती दुरुस्ती मनातल्या मनात करून पुढे जातात, आणि ते योग्यही आहे. मात्र आठ हजार मीटरांवर विरळ हवेत लिहिणाऱ्याचा हात कसा चालत होता, याची साक्ष त्या चुकीतच आहे. शुद्ध प्रत तयार करताना नेमकी ती पुसली जाते.

आता १९९९ च्या मे महिन्याकडे येऊ. १ मे रोजी कॉनरॅड अँकरला सुमारे ८,१५५ मीटर उंचीवर मॅलरीचा देह आढळला. कमरेला तुटलेला दोर होता, एक पाय मोडलेला होता, गॉगल खिशात होता. एका लिफाफ्यावर ऑक्सिजनच्या नळकांड्यांचे दाब टिपलेले होते. गॉगल खिशात, म्हणजे सूर्यास्तानंतर उतरताना पडला, असा एक अन्वयार्थ आहे. चारच दिवस आधी नॉर्टन गॉगलविना चढला होता आणि त्याचे डोळे गेले होते; ते पाहिलेला मॅलरी उन्हात गॉगल काढणार नाही, हा युक्तिवाद आम्हाला पटतो. दुसरा गॉगल त्याच्याजवळ असणे मात्र अशक्य नाही. शिवाय उतरताना पडला हे मान्य केले, तरी कुठून उतरताना, हे त्यातून कळत नाही.

आणि मग तो फोटो. पत्नी रूथचा फोटो शिखरावर ठेवीन असे मॅलरी म्हणाला होता, अशी त्याच्या मुलीची, क्लेअरची आठवण. खिशातले कागद जसेच्या तसे राहिले, फोटो मात्र सापडला नाही. तेव्हा तो वर ठेवला गेला असणार! या अनुमानात एक ओढ आहे, आणि ती आम्हालाही जाणवते. परंतु मॅलरीनंतर छत्तीस वर्षांनी त्याच बाजूने चढलेल्या दुसऱ्या एका चमूचे काय झाले, तेही सोबत पाहावे लागते.

२५ मे १९६० च्या पहाटे वांग फुझोउ, गोनपो आणि छू यिनहुआ हे तिघे उत्तरेकडून माथ्यावर पोहोचले, असे चीनने जाहीर केले. सेकंड स्टेपवर छूने बूट काढून सहकाऱ्याच्या खांद्यावर उभे राहत वाट काढली आणि पायाची बोटे गमावली. माथ्यावर अंधार होता, म्हणून फोटो नाही. उजाडल्यावर उतरताना घेतलेले चित्रण होते, ते माथ्याच्या खालचे. पाश्चात्त्य गिर्यारोहकांपैकी अनेकांनी हा दावा वर्षानुवर्षे मानला नाही. फोटो नाही, म्हणजे पोहोचले नाहीत! आज तो सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो.

एकाच कड्यावरच्या दोन कथा. एकीत फोटोचा अभाव पोहोचल्याची खूण ठरतो, दुसरीत न पोहोचल्याची. याला राजकारण कारण होतेच, पण शैलीही होती असे आमचे मत आहे. चिनी वृत्तान्तात पक्षाचे आणि माओचे गुणगान होते. त्या गद्याने वाचकाचा विश्वास उडाला, आणि बुटाविना कातळावर चढलेल्या माणसाची बोटे त्या गद्याखाली झाकली गेली. मॅलरीची पत्रे मात्र सुसंस्कृत, संयत, थोडी मिश्कील. चांगले गद्य लिहिणारा माणूस खराही असणार, हा साहित्याच्या वर्गातला जुना भ्रम येथे पर्वतावर चढलेला दिसतो.

व्याकरणाकडेही लक्ष द्यावे. 'मॅलरी पोहोचला का?' असे एकवचनी क्रियापद सर्रास वापरले जाते. दोराच्या दुसऱ्या टोकाला बावीस वर्षांचा अर्व्हिन होता. तो ऑक्सफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकत होता आणि मोहिमेची बिघडलेली ऑक्सिजन उपकरणे त्यानेच दुरुस्त केली होती. त्याच्या नावे ना पुस्तक, ना वर्तमानपत्रात गाजलेले उत्तर. म्हणून वाक्यातून तो गळतो. याहून खाली पाहिले, तर १९२२ साली मॅलरीच्या मागे चढताना हिमलोटात गेलेले सात भारवाहक तर कोणत्याच वाक्यात नसतात.

मॅलरी गेला तेव्हा त्याचा मुलगा जॉन तीन वर्षांचा होता. मोठेपणी त्याचे म्हणणे असे होते की खाली परतून येणे हा शिखर गाठण्याचाच भाग आहे. या प्रश्नाची किंमत ज्याने खरोखर मोजली, त्याचे हे मत कोणत्याही तज्ज्ञापेक्षा आम्हाला वजनदार वाटते. जॉनचा मुलगा, तोही जॉर्ज मॅलरीच, १९९५ साली उत्तरेकडूनच माथ्यावर गेला आणि आजीआजोबांचा फोटो तेथे ठेवून सुखरूप उतरला.

सप्टेंबर २०२४ मध्ये रोंगबुक हिमनदीवर एक बूट सापडला. आत पाय होता आणि मोज्यावर शिवलेली अर्व्हिनच्या नावाची पट्टी. हॉवर्ड सॉमरव्हेलने मॅलरीला दिलेला छोटा कोडॅक कॅमेरा मात्र त्या शोधात मिळाला नाही. (हा सॉमरव्हेल पुढे त्रावणकोरात नेय्यूरच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून राबला, त्याच्यावर कधीतरी लिहायला हवे.) कॅमेरा अर्व्हिनपाशी असावा, असा तर्क आहे. तो मिळावा, असे आमच्यापैकी एकाला मनापासून वाटते. दुसरीचे म्हणणे असे की फिल्म कोरी निघाली, तर ती खराब झाली असे म्हणून लोक पुन्हा होकारच वाचतील. हा वाद आमच्या विभागात अजून चालू आहे.